बनकर तात्यांचं ऊन

तात्यांच्या हाताला दोन रंग होते. सदऱ्याची बाही वर सरकली की कोपराच्या वरचा भाग गव्हाळ आणि खालचा तव्याच्या बुडासारखा काळा. मधे सुतानं आखावी तशी रेघ. ऑफिसात नवा साहेब आला की तात्या हात पुढं करून म्हणायचे, "हे आमचं सर्व्हिस बुक. वरचं जन्माचं, खालचं सरकारी."

खंडेराव बनकर हे त्यांचं कागदावरचं नाव. वैजापूर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातले. औरंगाबादला जमीन मोजणीच्या कार्यालयात ते मोजणीदार होते. लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि हद्दी दाखवायच्या. मी त्याच कार्यालयात ट्रेसर. मोजणीदार शेतावरून जे मोजून आणतो, ते ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवायचं, हे माझं काम. माझे यजमान याच खात्यात होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. पदरात तीन वर्षांची मुलगी. नकाशा कशाशी खातात हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात माझ्यापुढं एक निजामाच्या काळचा नकाशा आला. सगळी नावं उर्दूत. विचारायची लाज वाटली म्हणून मी अंदाजानं उतरवून टाकला. तात्यांनी तो हातात घेतला, खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, इथं नाला लिहिलाय. तुम्ही त्याची सडक केली. आता पावसाळ्यात बैलगाड्या वाहून जात्याल."

मी रडवेली झाले. तर म्हणाले, "तसं नाय. मी पहिलीत उर्दू गिरवली आन दुसरीत मराठी. मधी पोलीस ॲक्शन झाली. एवढाच काय तो माझा शहाणपणा. तुम्हाला अडलं की मला हाक मारा."

त्यानंतर तीस वर्षं मी त्यांना हाक मारत आले. ते मला कायम "कुळकर्णीबाई" म्हणत आणि मी त्यांना सगळ्यांसारखं "तात्या".

त्यांचं एक म्हणणं होतं. जी जमीन बघितली नाय, तिचा नकाशा काढू नये. साहेबांची परवानगी घेऊन त्यांनी एकदा मला जीपमधून वैजापूरकडं नेलं. एप्रिलचे दिवस. दोन सख्ख्या भावांचं बांधावरून भांडण होतं. दोघं एकमेकांकडं बघतही नव्हते. थोरल्यानं लिंबाखाली घोंगडी अंथरून ठेवली होती, धाकट्यानं चहा सांगितला होता. तात्यांनी दोन्हीकडं पाठ फिरवली.

"आधी मोजणी, मग पाणी," ते म्हणाले. कुणाचाही चहा आधी घेतला की पट्टी त्याच्याकडं झुकते, असं त्यांचं मत होतं.

मोजणीची लोखंडी साखळी धरायला आमची माणसं होती. पण तात्यांनी एक टोक थोरल्याच्या हातात दिलं आणि दुसरं धाकट्याच्या. "ताणून धरा. ढिली सोडली तर तुमचीच जमीन कमी भरंल." आणि दोघांना दुपारी दोनपर्यंत ढेकळांतून फिरवलं. मी छत्री घेऊन मागं मागं. तात्यांच्या डोक्यावर साधी टोपीसुद्धा नाही. ऊन असं की दगडाला हात लावता येऊ नये. मधेच थोरल्याच्या टाचेत बाभळीचा काटा गेला. तो मटकन बसला. साखळी ओढली गेली म्हणून धाकटा मागं आला. क्षणभर उभा राहिला आणि मग वाकून त्यानं काटा काढला. तात्या दुसरीकडं बघत होते.

हद्दीचा दगड सापडला तो जागच्या जागी होता. बांध मात्र दोघांनीही आपापल्या बाजूनं कोरला होता. मग लिंबाखाली बसून आम्ही चहा घेतला, एकाच किटलीतला.

तात्या रस्त्यानं चालतानाही मोजत. त्यांचं एक पाऊल अडीच फुटांचं, ना कमी ना जास्त. पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत किती पावलं, क्रांती चौकापासून स्टेशनपर्यंत किती, सगळं पाठ. निरोप समारंभात त्यांना बोलायला लावलं तेव्हा दोनच वाक्यं बोलले. आमच्याकडं कुणाला मोजणी मान्य नसली की वरचा साहेब येऊन पुन्हा मोजतो, त्याला निमताना म्हणतात. तात्या म्हणाले, "माझी मोजणी संपली. कुणाला मान्य नसंल तर निमताना करून घ्या." आणि खाली बसले. टाळ्या वाजवायचं आम्हाला सुचलंही नाही.

सिडकोत त्यांनी तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला होता. माझं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडं. त्यामुळं निवृत्तीनंतर त्यांची बायको, सुमनवहिनी, माझ्या जास्त ओळखीच्या झाल्या. उंच, सावळ्या, हसल्या की तोंडावर पदर धरणाऱ्या. एकदा भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "तुम्हाला नेलं होतं ना हो यांनी मोजणीला? कसं असतं तिथं?"

मी सांगितलं. ढेकळं, साखळी, काटा. त्या मन लावून ऐकत होत्या.

"मला नाही नेलं कधी," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर एकदा म्हटलं, मलाही दाखवा तुमची गावं. तर म्हणाले, तिथं काय बघायचंय, दगड आन बांध. मग मी पुन्हा नाही म्हटलं."

त्यात तक्रार नव्हती. पण मला उगीच अपराध्यासारखं झालं.

निवृत्तीला तीन-चार वर्षं झाली असतील. एका सकाळी वहिनी आंघोळीहून आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात कोसळल्या. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्या त्या कॉटवरच. मुलगा पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, पूर्ण वेळ बाई ठेवू. तात्या म्हणाले, "पस्तीस वर्षं ती एकटी घर बघत होती. आता मी बघतो."

आणि खरंच त्यांनी बघितलं. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं, वेणीसुद्धा. वेणीची तीन पेडं ते इतकी सारखी घालत की मी हसले तर म्हणाले, "हद्दी सारख्या पाहिजेत." वहिनींच्या डोळ्यांना उजेड सोसत नसे, म्हणून खोलीचे पडदे कायम ओढलेले. समोर तेवढ्यात सहा मजली इमारत उभी राहिली, त्यामुळं बाल्कनीतही ऊन येईना. तात्या घराबाहेर पडत ते दिवेलागणीला, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत. तेव्हा शेजारची मुलगी दहा मिनिटं वहिनींपाशी बसे. भाजी मी आणून देई. अशी पाच वर्षं गेली.

एकदा भाजीची पिशवी घेऊन गेले तर दार नुसतं लोटलेलं. आतून तात्यांचा आवाज येत होता. सावकाश, एका लयीत.

"आता वढा लागला बघ. पाणी नाय, नुसती वाळू. चपला हातात घे. पल्याड गेलं की डाव्या हाताला मारुती. बिनछपराचा. त्याच्यापुढं पाटलाची विहीर, तिथं आपण थांबू जरा. पाणी लई गोड."

मी दारातच थबकले. पलंगावर वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या, चेहरा हसरा. त्यांचा डावा हात तात्यांच्या हातात.

मला बघून तात्या ओशाळले. स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाले, "रोज एक गाव फिरवतो. तेव्हा नेलं नाय ना. आता तिला तरी कुठं जाता येतंय?" मग म्हणाले, "सकाळी डोळे उघडले की विचारती, कुठं? तेवढा एकच शब्द येतो तिला. कुठं. मग मी गाव सांगतो."

त्याच दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं. तात्या पाटावर बसले होते आणि उठताना त्यांनी ओट्याची कड धरली. एकदा उठले, पुन्हा बसले. मग दोन्ही हातांनी ओढून घेतल्यासारखे वर आले. चालताना अंग या बाजूनं त्या बाजूला झुलत होतं, बदकासारखं. आणि हात. बाही दुमडलेली होती, पण रेघ दिसत नव्हती. कोपराच्या वरचा आणि खालचा रंग एकच झाला होता. पिठासारखा फिका.

"तात्या, पाय दुखतात का?"

"मांड्या जड झाल्यात. हाडं ठणकत्यात, आतून. बरगड्यासुद्धा. कॉटपासून मोरीपर्यंत माझी नऊ पावलं होती बाई. आता चौदा लागतात. घर काय वाढलं नाय."

मी काय म्हटलं ते मला आजही तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "वय झालं तात्या आता. चालायचंच."

गल्लीतल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या. मुलगा फोनवर तेच म्हणाला. तात्याही मग तेच म्हणू लागले. सगळ्यांनी मिळून एका माणसाला म्हातारं ठरवून टाकलं आणि त्याचं दुखणं कुणी तपासलंच नाही. मला माझे गुडघे दुखत, म्हणून मला वाटे की मला कळतं.

मग तो पडण्याचा दिवस आला. वहिनींना कॉटवरून खुर्चीत बसवताना तात्यांच्या मांड्यांनी दगा दिला. दोघंही पडले असते, पण पडता पडता तात्यांनी अंग फिरवून स्वतःला खाली घातलं. वहिनींना खरचटलंसुद्धा नाही. तात्यांचं उजवं मनगट मोडलं. शेजाऱ्यांनी मला बोलावलं तेव्हा ते तसेच जमिनीवर पडून होते, वहिनींचं डोकं त्यांच्या छातीवर, आणि ते सांगत होते, "काय नाय, काय नाय. घसरलो. जमीन ओली होती." जमीन कोरडी ठणठणीत होती.

मुलगा संध्याकाळपर्यंत पुण्याहून पोचला. चांगला मुलगा, उगीच नावं कशाला ठेवू? पण तो भेदरला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो म्हणाला, "तात्या, आता बास. आईला पुण्यात एका ठिकाणी ठेवू, तिथं चोवीस तास नर्स असते. तुम्ही माझ्याकडं चला."

"ठिकाणी म्हंजे?"

"म्हणजे... अशा पेशंटसाठी असतं तसं."

तात्या प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसले होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, ती सकाळी कुठं म्हणून इचारंल. तिथं तिला कोण सांगंल?"

मुलाला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला आणि मी तिथून उठून नळाशी गेले.

हाडांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. दुसऱ्या दिवशी तिनं प्लास्टर तपासलं, मग तात्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. त्यांना उठता आलं नाही. तिनं नडगीचं हाड अंगठ्यानं दाबलं तर तात्या कळवळले. तिनं विचारलं, "आजोबा, उन्हात शेवटचं कधी गेला होतात?"

तात्या हसायला लागले. "पोरी, माझी सगळी नोकरी उन्हात गेली."

"नोकरीचं नाही विचारत. आत्ता. या वर्षात."

तात्यांचं हसू ओसरलं. ते आठवत राहिले. खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांना एकही दिवस आठवेना. मलाही आठवेना.

रक्त तपासलं. शरीरातलं ड जीवनसत्त्व जवळजवळ संपलेलं होतं. तात्यांना हा अपमान वाटला. "मला? उन्हाची कमी? बाई, त्यांना म्हणावं नळी बदलली असंल. दुसऱ्या कुणाचं रक्त असंल ते. मला मान्य नाय. निमताना करा."

डॉक्टरीण समजूतदार होती. तिनं खरोखर दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासून घेतलं. आकडा तोच आला. मग तिनं समोर बसून समजावलं. उन्हातून कातडी ड जीवनसत्त्व तयार करते. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडात मुरत नाही. हाडं मऊ पडतात, ठणकतात, मांड्यांतला जोर जातो, माणूस पडतो. वय झालं की कातडीचं हे कामही मंदावतं. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही.

"पण मी तर पस्तीस वर्षांचं ऊन घेतलंय," तात्या म्हणाले.

"ते कणगीत भरून ठेवता येत नाही आजोबा. काही महिने पुरतं. मग संपतं."

"मंग हे वयामुळं नाय?"

"वय आहेच. पण हे दुखणं वेगळं आहे आणि ते बरं होतं."

तात्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, रडतात की काय. पण ते म्हणाले, "मंग मला दोन महिने द्या. ती कुठं जाणार नाय."

हे मुलाला उद्देशून होतं. मुलानं दोन महिने दिले. तेवढ्यापुरती एक बाई ठेवली, दुपारी मी जाऊन बसे. आठवड्यातून एकदा दुधात घालून घ्यायची पुडी होती, रोजची कॅल्शियमची गोळी. जास्त घेतली तर अपाय होतो, असं डॉक्टरणीनं बजावलं होतं. तात्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुडीच्या दिवसाला डाव्या हातानं वेड्यावाकड्या फुल्या मारल्या.

जाताना डॉक्टरणीनं आणखी एक सांगितलं होतं, "आजींचं रक्त तपासलं तर त्यांचंही असंच निघेल. त्यांनाही जमेल तसं उन्हात आणा. भर उजेडाचं, हातापायांवर." तपासलं. तसंच निघालं. त्यांनाही पुडी सुरू झाली. पण ऊन कुठून आणायचं? बाल्कनीत सावली, गच्ची तिसऱ्या मजल्याच्या वर आणि लिफ्ट नाही.

त्या थंडीत तात्यांनी त्यांच्या आयुष्यातली शेवटची मोजणी केली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यात खडू, आणि वॉचमन शेखचाचा टेप धरायला. सकाळी नऊपासून ते इमारतीच्या आवारात फिरत आणि ऊन जिथं पडेल तिथं खुणा करत. शेखचाचा म्हणत, "क्या तात्या, धूप की बी हद्द रहती क्या?" तात्या म्हणत, "सहा मजले उभे राहिले की पडती हद्द."

आठ दिवसांनी त्यांनी तो कच्चा कागद माझ्यापुढं ठेवला. "बाई, एवढं शाईत उतरवून द्या. माझा हात चालत नाय."

किती वर्षांनी मी पेन हातात धरलं. तरी रेघा सरळ आल्या. नकाशात दिसत होतं ते असं: दोन इमारतींच्या फटीतून अकराच्या सुमाराला जे ऊन आवारात येई, ते तासभर एकाच जागी चांगलं पडे. ती जागा चार नंबरच्या पार्किंगची होती. तिथं वर राहणाऱ्या निकमांची गाडी उभी असे. निकमांचं कापडाचं दुकान बाराला उघडे, त्यामुळं गाडी बारापर्यंत हलत नसे.

तात्या नकाशा घेऊन निकमांकडं गेले. मी बरोबर होते.

"तात्या, पार्किंग माझ्या नावावर आहे," निकम म्हणाले.

"व्हय. हद्द तुमचीच हाय. मी हद्द मागत नाय. वरून जे पडतं, ते तासभर मागतो."

"आज तुम्ही मागाल, उद्या दुसरा येईल. गाडी बाहेर रस्त्यावर लावू का मी?"

तात्या वाद घालणारे नव्हतेच. "बरं," म्हणाले आणि आले. मी मात्र चिडले होते. दुसऱ्या दिवशी अकराला गेले तर तात्या तिथंच होते. गाडी आणि कुंपणाची भिंत यांच्या मधे दीड फुटाची फट होती, त्यात उन्हाचा एक पट्टा उतरे. त्या फटीत स्टूल घालून तात्या अंग चोरून बसले होते. मोडका हात वर धरलेला, गाडीला लागू नये म्हणून. तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्याही.

पाचव्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. निकमांची आई. तिला मी कधी खाली पाहिलं नव्हतं.

"आरं ए! चार दिस झाले बघू राहिले मी. त्या माणसाला भिंतीत चिणलंस व्हय? काढ ती गाडी!"

निकम चप्पल न घालताच खाली आले. तात्या स्टुलावरून उठले. हात न टेकता. हे त्यांच्या नंतर लक्षात आलं, तेव्हा ते पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. "बाई, बघितलं का?" निकम किल्ली घेऊन उभेच आणि तात्या लहान मुलासारखे ऊठ-बस करताहेत. निकमांना हसू आलं. त्यांनी गाडी काढली, ती पुन्हा अकरा ते बारात तिथं लावली नाही.

सगळं काही लगेच बरं झालं नाही. ठणका जायला तीन-साडेतीन महिने लागले. पण दोन महिन्यांनी मुलगा आला तेव्हा तात्या त्याच्यासमोर कॉटपासून मोरीपर्यंत चालून गेले आणि म्हणाले, "दहा. एक पाऊल जास्त पडतंय, तेबी कमी होईल." मुलानं पुन्हा पुण्याचा विषय काढला नाही.

त्या आधीच वहिनींना उन्हात आणलं होतं. प्लास्टर निघाल्यावर, चाकाच्या खुर्चीतून, पुढच्या तीन पायऱ्या शेखचाचांनी आणि निकमांनी उचलून. पाच वर्षांत त्यांनी आभाळ पाहिलं नव्हतं. उजेडानं त्यांचे डोळे मिटले, पाणी वाहू लागलं. तात्यांनी वर्तमानपत्र उलगडून त्यांच्या डोळ्यांवर सावली धरली आणि दुसऱ्या हातानं लुगडं नडगीपर्यंत वर सारलं, बाही कोपरापर्यंत. वहिनींचा फिका पडलेला हात उन्हात आला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. बोटं हलवली. मग वर्तमानपत्राखालून तात्यांकडं बघत त्या म्हणाल्या, "कुठं?"

तात्या खुर्चीशी वाकले. म्हणाले, "लासूर. बाजार भरलाय बघ."

त्या वेळी मी तिथं थांबायला नको होतं, असं मला वाटतं. पण थांबले.

पुढच्या दोन हिवाळ्यांत त्या पार्किंगमध्ये बरीच मंडळी जमू लागली. निकमांची आई कठडा धरून उतरे. कुणी तूर सोलायला आणी, कुणी नुसतंच बसायला. मी माझंही रक्त तपासून घेतलं. कमीच निघालं, म्हणून मीही. तात्या सगळ्यांना उन्हाची वेळ सांगत आणि कुणी "वय झालं" म्हटलं की चिडत. "आधी मोजा, मंग म्हणा." माझ्याकडं बघून म्हणत नसत, पण मला ते लागे.

तिसऱ्या थंडीत वहिनींच्या छातीत कफ झाला आणि आठवड्यात त्या गेल्या. तात्या रडले नाहीत. तेराव्यानंतर मी गेले तर खोलीचे पडदे उघडे होते आणि ते रिकाम्या कॉटशेजारी खुर्चीत बसले होते. म्हणाले, "बाई, चाळीस-पन्नास गावं राहिली. मी हळू फिरवलं तिला. घाई करायला पाहिजे होती."

मी भाजी ठेवून आले.

एप्रिलमध्ये मला मुलीकडं नाशिकला जायचं होतं. तिचं बाळंतपण होतं. दुपारी एकच्या सुमाराला मी रिक्षानं स्टँडवर निघाले. जालना रोडवर सिग्नलला रिक्षा थांबली आणि पलीकडच्या बाजूला मला तात्या दिसले. उलट्या दिशेनं चालले होते. डोक्यावर काही नाही, खांद्याला कापडी पिशवी, अंगात पांढरा सदरा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, नुसत्या गाड्या. आणि ते झपझप चालले होते. ताठ, सरळ, कुठंतरी वेळेवर पोचायचं असावं तसे.

मी रिक्षातून डोकं बाहेर काढून हाक मारली, "तात्या! ओ तात्या! एवढ्या उन्हात कुठं निघालात?"

मधून एक बस गेली. त्यांना ऐकू गेलं नाही. मला वाटलं, उतरावं. पण सामान होतं, बस चुकेल अशी धास्ती होती, आणि परत आले की विचारू असं वाटलं. सिग्नल सुटला. रिक्षावाल्यानं विचारलं, "कौन था बाईजी?" मी म्हटलं, "आमच्या ऑफिसातले."

मी परतायच्या आत मुलानं त्यांना पुण्याला नेलं होतं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ते तिथं झोपेतच गेले. मुलगा घर आवरायला आला तेव्हा मी त्याला त्या दुपारचं विचारलं. तारीख सांगितली, वेळ सांगितली, कुठल्या दिशेनं चालले होते ते सांगितलं; माझ्या मनात ती राहिलेली चाळीस-पन्नास गावं होती. त्यानं आठवून पाहिलं. म्हणाला, "मावशी, मला नाही माहीत. तिकडं आमचं ओळखीचं कुणीच नाही."